खांद्यावरची होडी

सेंट रेजिसच्या तळ्यांवर जायचं तर आधी होडी आपण वाहायची, मग होडी आपल्याला वाहते. एक तळं ओलांडलं की पुन्हा आपली पाळी. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, ॲडिरॉन्डॅकच्या डोंगराळ मुलखात हा सुमारे १८,४०० एकरांचा जंगलपट्टा आहे आणि त्यात ५८ लहानमोठी तळी आहेत. तिथे मोटरबोट चालत नाही, पाण्यावर विमान उतरत नाही, जंगलात मोटार शिरत नाही. ‘सेंट रेजिस कनू एरिया’ हे त्याचं सरकारी नाव. वल्ह्याच्या होड्यांसाठी म्हणून राखलेला असा प्रदेश त्या राज्यात हा एकच. नकाशावर ही तळी सांडलेल्या पाण्याच्या थेंबांसारखी जवळजवळ दिसतात, पण बहुतेक एकमेकांना टेकत नाहीत. मधल्या जमिनीवरून होडी उचलून न्यावी लागते. त्या वाटेला इथले लोक ‘कॅरी’ म्हणतात. काही कॅऱ्या थोडक्या पावलांच्या असतात, काही मैलाहून लांब.

मी न्यू जर्सीत राहते. माझा धाकटा भाऊ ऑल्बनीत असतो आणि सुट्टी मिळाली की कयाक गाडीच्या टपावर बांधून उत्तरेला जातो. त्याचं एक वाक्य मी फोनवर पुष्कळदा ऐकलं होतं : “ताई, रस्त्याकाठचं तळं वेगळं आणि कॅरीपलीकडचं तळं वेगळं. पाणी तेच, पण तळं वेगळं.” हे खरं आहे का, ते बघायला मी सप्टेंबरच्या अखेरीस त्याच्याबरोबर निघाले. वेळ त्यानेच निवडली होती. इथली तळी एप्रिलच्या शेवटापर्यंत गोठलेली असतात. मे-जूनमध्ये चावऱ्या काळ्या माश्या माणसाला काठावर उभं राहू देत नाहीत. सप्टेंबरअखेर माश्या संपलेल्या असतात, पाणी अजून बर्फाच्या वाटेला लागलेलं नसतं आणि मेपलची झाडं लाल व्हायला लागतात.

बोटींच्या दुकानात भावाने पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. साधी प्लॅस्टिकची कयाक वीस ते पंचवीस किलोंची असते. ती दगडावर आपटली तरी काही होत नाही, पण अर्धा-पाऊण तास खांद्यावर घ्यायची म्हटली की तो मजबूतपणा अंगावर येतो. आम्ही केव्हलार या हलक्या तंतूच्या दोन कयाक भाड्याने घेतल्या, प्रत्येकी साधारण चौदा किलोंच्या. खरं तर कयाक ही या जंगलातली होडीच नव्हे. ती आर्क्टिकमधल्या इनुइट शिकाऱ्यांची. सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेली, समुद्रावर शिकारीला जाण्यासाठी. ॲडिरॉन्डॅकमध्ये परंपरेने चालते ती कनू ही उघडी होडी आणि इथल्या वाटाड्यांची ‘गाइडबोट’. देवदाराच्या पातळ फळ्यांची ही गाइडबोट बेताची हलकी असते, तिला लाकडी जू बसवतात आणि एकटा माणूस ती उलटी करून खांद्यावर घेतो. कयाकला असं जू नसतं. बसायच्या खोबणीची कड खांद्यात रुतते. सामान पुढच्या-मागच्या कप्प्यांत कोंबलेलं असतं, ते प्रत्येक कॅरीला बाहेर काढून पुन्हा भरावं लागतं. म्हणून भावाने तंबू, अन्न, कपडे असं सगळं मोजक्या मोठ्या पिशव्यांत बांधलं होतं आणि खांद्यासाठी जाड फोमच्या गाद्या आणल्या होत्या.

एवढा त्रास असून कयाक का न्यायची, याचं उत्तर पाण्यावर मिळतं. कयाकमध्ये आपण जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो. वारा वरून निघून जातो. दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं एका लयीत फिरतं आणि थोड्याशा जोराने होडी सरळ, लांब धाव घेते. बदक, कमळाचं पान, पाण्यात आडवा पडलेला ओंडका हे सगळं आपल्या डोळ्यांच्या उंचीला येतं. तळं वरून बघण्याची सवय आपल्याला असते. कयाक ती मोडते.

सुरुवात लिटल क्लिअर पाँडपासून. जवळच राज्याचं मत्स्यबीज केंद्र आहे. समुद्राकडे न जाता गोड्या पाण्यातच आयुष्य काढणाऱ्या सामन माशांची पैदास तिथे होते आणि त्यांचे जनक मासे या तळ्यात राखलेले असतात. म्हणून इथे गळ टाकायला बंदी, मुक्कामालाही बंदी. काठावरच्या नोंदवहीत नाव, माणसं आणि परतायचा दिवस लिहून आम्ही पाण्यात उतरलो. लाइफ जॅकेटचे पट्टे भावाने स्वतः ओढून पाहिले. या राज्यात नोव्हेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत लहान होडीत ते अंगात घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे. थंड पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात, पोहता येत असलं तरीही.

तळ्याच्या दुसऱ्या टोकाला झाडावर एक लहानशी पाटी. तिथून पहिली कॅरी, साधारण एक किलोमीटरची. आधी पिशव्या पाठीवर घेऊन जायचं, रिकाम्या हातांनी परत यायचं, मग कयाक. म्हणजे एका किलोमीटरचे तीन होतात. कयाक खांद्यावर आली की जंगल अर्धं होतं. एका बाजूचं सगळं होडीने झाकलेलं असतं आणि समोर दिसते ती फक्त पायवाट. “वर बघू नकोस ताई, पायाखाली बघ. मुळं ओली आहेत,” भाऊ मागून सांगत होता. बर्चच्या सालीचे तुकडे, फर झाडांच्या सुयांचा मऊ थर, मधूनच दगड. पावलांखालचा थर इतका जाड की आपल्याच चालण्याचा आवाज येत नाही. शेवटी दलदलीवर टाकलेल्या फळ्या आल्या आणि त्यांच्यापुढे एकदम पाणी उघडलं.

सेंट रेजिस पाँड हे या भागातलं सगळ्यांत मोठं तळं, सुमारे ४०० एकरांचं. मध्ये झाडांनी भरलेली बेटं आहेत, उत्तरेला सेंट रेजिसचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर १९१८ साली वणव्यांवर नजर ठेवायला बांधलेला पोलादी मनोरा. खांदा दुखत होता, श्वास अजून जागेवर आला नव्हता, आणि समोरचं एवढं पाणी पूर्ण मोकळं होतं. भावाचं वाक्य मला तिथे पहिल्यांदा पटलं. रस्त्याने आलेल्या माणसाला तळं दिसतं. कॅरीवरून आलेल्या माणसाला ते मिळतं.

ही तळी अशी वेगवेगळी का पडली आहेत, त्याचं उत्तर बर्फात आहे. गेल्या हिमयुगात या मुलखावर बर्फाचा जाड थर होता. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी तो मागे हटला, तेव्हा वितळलेल्या पाण्याने वाळू आणि गोटे पसरत नेले. बर्फाचे मोठमोठे तुटलेले तुकडे त्या वाळूत गाडले गेले. ते सावकाश वितळले आणि त्यांच्या जागी खड्डे राहिले. बर्फाखालून वाहणाऱ्या प्रवाहांनी टाकलेल्या वाळूचे लांबट उंचवटे मध्ये उभे राहिले. आज आपण होडी घेऊन चढतो-उतरतो ते पुष्कळदा असेच उंचवटे असतात. नदीने जोडलेली तळी असती तर माणूस एका होडीने सगळीकडे फिरला असता. बर्फाने ती सुटी ठेवली आणि त्या सुटेपणानेच पुढे त्यांना वाचवलं.

मुक्कामाच्या जागा पिवळ्या चकतीने दाखवलेल्या आहेत. पैसे पडत नाहीत, आधी येईल त्याची जागा. इतरत्र तंबू टाकायचा तर पाण्यापासून आणि पायवाटेपासून १५० फूट आत जावं लागतं. आम्हाला पाइनच्या झाडांखाली जागा मिळाली. अन्न अस्वलांच्या भीतीने तंबूपासून लांब ठेवलं.

संध्याकाळी लून पक्षी दिसला. काळं डोकं, लाल डोळा, पाठीवर पांढऱ्या चौकोनांची नक्षी. कयाकपासून थोड्याच अंतरावर तो वर आला, आमच्याकडे पाहिलं आणि आवाज न करता बुडी मारली. बहुतेक पक्ष्यांची हाडं पोकळ असतात. लूनची बरीचशी हाडं भरीव असतात, त्यामुळे तो खोल बुडतो, पण हवेत उठायला त्याला पाण्यावर लांब धाव घ्यावी लागते. पाय शरीराच्या अगदी मागे असल्यामुळे जमिनीवर त्याला नीट चालता येत नाही, म्हणून घरटं पाण्याला लागूनच. मोटरबोटीची एक मोठी लाट घरट्यावरून गेली तर अंडी जातात. मासेमारीच्या शिशाच्या लहान वजनांनी विषबाधा होऊन कितीतरी लून मेले, तेव्हा न्यूयॉर्क राज्याने २००४ पासून अर्ध्या औंसापर्यंतची शिशाची वजनं विकायला बंदी केली. शरद ऋतूत मोठे लून आधी अटलांटिकच्या किनाऱ्याकडे निघून जातात. त्या वर्षीची पिल्लं मागे राहतात आणि नंतर, वाट दाखवायला कोणी नसताना, तीही समुद्र गाठतात. रात्री तंबूत पडल्यावर लूनची लांबलचक हाक ऐकू आली. एका तळ्यावरून हाक, मग दुसऱ्या तळ्यावरून उत्तर. माणसांनी तळ्यातळ्यांमध्ये वाटा तुडवल्या, पक्ष्यांनी आवाजाने ती जोडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑकर पाँड आणि मड पाँडच्या वाटेने फिश पाँडकडे निघालो. ही वाट खऱ्या अर्थाने लांब, कॅऱ्या मैलाच्या हिशेबात. दर थोड्या वेळाने खांदा बदलायचा, होडी झाडाच्या फांदीवर टेकवून दम खायचा. सेंट रेजिस पाँडवर आम्हाला आणखी होड्या दिसल्या होत्या. फिश पाँडवर कोणी नव्हतं. काठावर ओंडक्यांचं, तीन भिंतींचं आणि उतरत्या छपराचं निवाऱ्याचं घर होतं. याला इथे ‘लीन-टो’ म्हणतात. चौथी बाजू उघडी, तिच्यासमोर शेकोटीची जागा. तिथे बसून आम्ही पोळीचा रोल आणि लोणचं खाल्लं. वाट जितकी कठीण, तितकं तळं निवांत, हा हिशेब इथे इतका स्वच्छ दिसतो की त्याला पुरावा लागत नाही. कोणाला अडवायला फाटक नाही, पहारेकरी नाही, तिकीट नाही. मधली जमीनच हे काम करते.

या जमिनीवरून हलक्या होडीने जाण्याची गोष्ट एका आजारी माणसाशीही जोडलेली आहे. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हा पेनसिल्व्हेनियातला लेखक, ‘नेसमक’ या नावाने लिहायचा. ठेंगणा, किरकोळ अंगाचा, फुप्फुसांच्या विकाराने खंगलेला. गाइडबोट उचलणं त्याच्या शक्तीबाहेरचं आणि वाटाड्या ठेवणं खिशाबाहेरचं. त्याने कँटन गावच्या जे. हेन्री रश्टन या बोटी बांधणाऱ्याकडून एकाहून एक हलक्या होड्या करून घेतल्या. त्यांतली ‘सायरी गँप’ नऊ फुटांची होती आणि वजन अवघं साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोंच्याही आत. १८८३ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ६१ व्या वर्षी, दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं घेऊन तो या डोंगरांतून एकट्याने २६६ मैल हिंडला. त्याच्या लेखांमुळे लोकांना कळलं की रानातल्या तळ्यांवर जायला नोकर-चाकर लागत नाहीत, हलकी होडी लागते. आज या भागात विकल्या जाणाऱ्या हलक्या होड्यांमागे त्या माणसाच्या दुबळ्या फुप्फुसांचा हात आहे.

फुप्फुसांचा आजार हा या मुलखाच्या इतिहासातला मोठा धागा आहे. एडवर्ड ट्रुडो हा न्यूयॉर्क शहरातला तरुण डॉक्टर १८७३ साली क्षयाने मरणाच्या दारात असताना याच तळ्यांच्या काठी, पॉल स्मिथच्या हॉटेलात आला. इथल्या हवेत त्याला बरं वाटलं. पुढे सॅरॅनॅक लेक या गावी त्याने क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं आणि १८८५ मध्ये तिथे पहिले रुग्ण राहायला आले.

क्षयाच्या या धाग्याचं एक टोक आपल्याकडेही येतं. उत्तरेला येताना आम्ही हडसनकाठच्या पकीप्सी गावात थांबलो होतो. तिथल्या दफनभूमीत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी आहेत. नेसमक तळ्यांवर वल्हवत होता त्याच उन्हाळ्यात, जून १८८३ मध्ये, अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या होत्या. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांना आधार देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाकडे त्यांच्या अस्थी आल्या आणि इथल्या मातीत विसावल्या. ज्या वर्षांत ट्रुडोचं आरोग्यधाम उभं राहत होतं, त्याच वर्षांत त्या फिलाडेल्फियात शिकत होत्या, खोकत होत्या. स्वच्छ हवेने क्षय बरा होतो असं नाही, औषध यायला पुढे साठेक वर्षं जावी लागली. तरीही पाइनच्या वाऱ्यात बसून मोकळा श्वास घेताना, तो ज्यांच्या वाट्याला आला नाही अशा आपल्या माणसांची आठवण येतेच.

परतीसाठी आम्ही ‘सेव्हन कॅरीज’ हा जुना मार्ग धरला. सॅरॅनॅक इन आणि पॉल स्मिथचं हॉटेल या दोन प्रसिद्ध ठिकाणांमध्ये पाहुणे याच वाटेने जायचे, वाटाडे होड्या उचलायचे. पाहुण्यांचं काम एवढंच की उतरायचं, चालायचं आणि पुन्हा बसायचं. सेंट रेजिस पाँडमधून ग्रीन पाँड, तिथून लिटल लाँग पाँड, मग बेअर पाँड, मग बॉग पाँड. इथल्या कॅऱ्या छोट्या. एवढ्याशा टेकाडाच्या पलीकडे दुसरंच जग असतं, हे पाहायचं तर ही वाट घ्यावी. ग्रीन पाँडभोवती झाडं अगदी पाण्यावर झुकलेली, लिटल लाँग नावाप्रमाणे लांबट, बेअर पाँडचं पाणी इतकं नितळ की वल्ह्याचं पातं पूर्ण बुडलं तरी त्याची कड दिसत राहते. आणि बॉग पाँड हे अगदी लहान, काठाने शेवाळाचे तरंगते गालिचे. त्या शेवाळात कीटकभक्षी घटपर्णी उगवते. मातीत पोषण नाही, म्हणून पानाच्या कलशात पाणी धरून ती किड्यांवर गुजराण करते. कयाक जवळ नेऊन मी एका कलशात डोकावले. तळाशी पंखांचे तुकडे होते.

बेअर पाँडवर भाऊ वल्हं आडवं ठेवून थांबला आणि म्हणाला, “नितळ पाणी म्हणजे निरोगी पाणी असं नसतं हं.” तो पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे हा इतिहास त्याला पाठ आहे. ॲडिरॉन्डॅकचा खडक कठीण आणि चुन्याचा अंश कमी, त्यामुळे आम्ल शोषून घ्यायची ताकद मातीत नाही. ओहायो नदीच्या खोऱ्यातल्या कोळशाच्या वीजकेंद्रांचा गंधकयुक्त धूर वाऱ्याबरोबर शेकडो मैल यायचा आणि पावसात, बर्फात मिसळून या डोंगरांवर पडायचा. आम्लामुळे मातीतलं ॲल्युमिनियम सुटून पाण्यात उतरायचं आणि माशांच्या कल्ल्यांवर घाव घालायचं. १९८० च्या दशकात चौदाशेहून अधिक तळ्यांची पाहणी झाली तेव्हा जवळपास एक चतुर्थांश तळ्यांत एकही मासा सापडला नाही. पाणी मात्र सुंदर दिसत होतं. आम्लाने गढूळपणा आणणारं जैविक द्रव्यही कमी झालं होतं.

हे ऐकून माझ्या मनातला आदल्या दिवसाचा हिशेब हलला. मधली जमीन मोटरबोट अडवते, गर्दी अडवते. धूर तिला अडवता येत नाही. कितीही लांब कॅरी असली तरी ढग वरून येतो. या तळ्यांना वाचवलं ते वॉशिंग्टनमध्ये झालेल्या कायद्याने. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्तीने वीजकेंद्रांच्या गंधकाच्या धुरावर एकूण मर्यादा घातली आणि पुढच्या तीस वर्षांत तो धूर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. तळी सावकाश सावरत आहेत. काहींचं पाणी आता पुन्हा थोडं चहाच्या रंगाकडे झुकतंय आणि शास्त्रज्ञांना त्याचा आनंद आहे. काही तळ्यांत ब्रूक ट्राउट परतला आहे. धुराबरोबर आलेला पारा मात्र माशांच्या शरीरात अजूनही सापडतो आणि इथले कोणते मासे किती खावेत याच्या सूचना आरोग्य खातं देत असतं.

बॉग पाँडनंतरची कॅरी अगदी थोडी. आम्ही होड्या उचलल्या, काही पावलं चाललो आणि अप्पर सेंट रेजिस लेकवर उतरलो. पहिल्यांदा कानावर आला तो मोटरबोटीचा आवाज. या सरोवराच्या काठी श्रीमंतांचे जुने बंगले आहेत, लाकडी नक्षीची बोटघरं आहेत, धक्के आहेत. बोटीतल्या माणसांनी हात हलवून आमचं स्वागत केलं, आमची कयाक हेलकावे खाऊ नये म्हणून वेगही कमी केला. माणसं चांगलीच होती. सरोवरही देखणं आहे. पण लून दिसला तो लांब कोपऱ्यात, आणि पाणी सतत हलत होतं. शंभरेक मीटर जमिनीने एवढा फरक पडतो, हे मी त्याच तासाभरात दोन्ही बाजूंनी पाहिलं. पुढे स्पिटफायर लेक, लोअर सेंट रेजिस लेक आणि पॉल स्मिथ्स. १८५९ मध्ये उघडलेलं ते हॉटेल १९३० साली जळलं. आज त्या जागी कॉलेज आहे आणि वनविद्या शिकणारी मुलं तिथे वल्ही मारताना दिसतात.

मधली जमीनसुद्धा आपोआप राहिली नाही. एकोणिसाव्या शतकात लाकूडतोडीने हे डोंगर उघडे पडत होते. जंगल गेलं तर हडसन नदी आणि ईरी कालव्याचं पाणी आटेल, अशी भीती न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनाही वाटू लागली. १८८५ मध्ये राज्याने इथली सरकारी जंगलं राखीव केली, १८९२ मध्ये पार्क जाहीर झालं, आणि १८९४ मध्ये ही जमीन कायम रान म्हणूनच राहील, ती विकता येणार नाही, तिथलं झाड तोडता येणार नाही, अशी तरतूद थेट राज्यघटनेत घातली. ती बदलायची तर लागोपाठच्या दोन विधिमंडळांची मंजुरी आणि मग जनतेचा कौल लागतो. सेंट रेजिसच्या तळ्यांना वल्ह्यांसाठी राखण्याचा निर्णय १९७२ च्या आराखड्यात झाला. घटना, कायदा, आराखडा आणि शेवटी होडी उचलणारा खांदा, अशी ही साखळी आहे.

मी मूळची भंडारा जिल्ह्यातली. आमच्याकडची तळी बर्फाने केलेली नाहीत, माणसांनी केली आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने उतार ओळखून, पाळ बांधून, धानाला पाणी मिळावं म्हणून ती उभी केली. नवेगाव बांध त्याचंच मोठं उदाहरण. मालगुजारी ही जमीनदारी पद्धत होती तोवर गाळ काढणं, पाळ सांभाळणं ही गावाची जबाबदारी होती. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली आणि कितीतरी तळ्यांची देखभाल सुटली. तिथे तळी राखली ती गावाच्या श्रमाने, इथे राखली ती कायद्याने अडवून. मार्ग उलटे आहेत, पण दोन्हीकडे तळ्यासाठी कोणीतरी काही सोसलं, तोवरच ते नीट राहिलं.

तळी अशी अवघड ठेवण्यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ज्यांना चाकाच्या खुर्चीवरून फिरावं लागतं, त्यांनी काय करायचं? माझ्या बाबांना मी फिश पाँडवर नेऊ शकणार नाही, हे मला तिथे बसून टोचलं होतं. ॲडिरॉन्डॅकमध्ये सुमारे तीन हजार तळी आहेत आणि त्यांतल्या असंख्य तळ्यांपर्यंत गाडी जाते. लाँग लेकजवळचं जॉन डिलन पार्क तर दिव्यांगांना रानात मुक्काम करता यावा म्हणूनच बांधलेलं आहे. सगळी तळी अवघड ठेवा असं कोणीच म्हणत नाही. सगळी सोपी करू नका, एवढंच म्हणणं आहे.

आपल्याकडे एखादं तळं, एखादा बांध ‘विकसित’ करायचा ठरला की पहिलं काम असतं पाण्याच्या कडेपर्यंत डांबरी रस्ता. मग गाडीतळ, मग टपऱ्या, मग यांत्रिक बोटी, मग काठाला प्लॅस्टिक. हे सगळं व्हायच्या आधी एक सोपा निर्णय घेता येतो. दर जिल्ह्यात काही तळी निवडावीत आणि त्यांचा रस्ता पाण्यापासून एक किलोमीटर अलीकडे संपवावा. त्या किलोमीटरवर गावातल्या पोरांना वाटाडे म्हणून काम मिळेल, मासेमार ढिवर बांधवांचे डोंगे पाण्यावर राहतील, पाहुणे चालत येतील आणि आणलेला कचरा पाठीवर घेऊन परत जातील. याला मोठा निधी लागत नाही. रस्ता जिथे थांबायला हवा तिथे थांबवण्याचं धैर्य लागतं, आणि ते न्यूयॉर्कच्या लोकांनी एकदा दाखवलं, तर भंडाऱ्याच्या, गोंदियाच्या, कोकणातल्या लोकांनाही ते दाखवता येईल.